दौलतच्या चाकाचा आउट

“खड्डा मी चुकवला. मग दोष माझा कसा, बाबा?”

उत्तरेश्वरनं तिसऱ्यांदा विचारलं.

सोमगिरीबाबांनी मान वर केली नाही. मठाच्या ओसरीवर दौलतच्या मोटारसायकलचं पुढचं चाक त्यांनी लाकडी घोडीत अडकवलं होतं. टायर कडेला फाटून कामातून गेलेला. रिम खड्ड्याच्या काठानं आत दबलेली. गोसावी होण्याआधी बाबांनी वीस वर्षं चाकंच सरळ केली होती.

दूधवाला दौलत उत्तरेश्वरच्या जीपमागून येताना त्या खड्ड्यात पडला होता आणि तीन दिवस दवाखान्यात निपचित होता. त्याची बायको शेवंता चाक ठेवून गेली, ती एवढंच सांगून, की हे उठले की गाडी लागेल. आणि उत्तरेश्वरवर तक्रार करायची की नाही, ते बाबा म्हणतील तसं.

उत्तरेश्वर वडापची, सीटवर पॅसेंजर भरायची जीप चालवायचा. अकरा वर्षं बाबांचा शिष्य, आणि त्याहून जुना आपल्या स्टिअरिंगचा भक्त. घाटातला खड्डा न् खड्डा मला पाठ, असं चारचौघांत सांगायचा. पहाटेच्या धुक्यात दूधवाले त्याच्या जीपचा मागचा लाल दिवा धरून यायचे. माझ्यामागं डोळे मिटून या, हे त्यानंच त्यांना शिकवलेलं. मोठा खड्डा आला की तो दोनदा ब्रेकला पाय लावायचा. दिवा दोनदा उजळला की मागच्यानं समजायचं.

माणसाला गर्व कशाचाही होतो. याला खड्ड्यांचा झाला होता.

“त्या दिवशी ब्रेकला पाय लावलास?”

“वेळच नव्हता, बाबा.”

बाबांनी पुन्हा विचारलं नाही. मग तोच बोलत सुटला. दुसरी जीप पुढं निघत होती, नाक्यावरचे पॅसेंजर तिनं उचलले असते. ऐन वेळी जीप बाजूला घेतली, तेवढंच जमलं. दौलतला स्वतःचे डोळे नव्हते का? खड्डा काय मी खणला?

“तो पडला ते आरशात पाहिलंस?”

“पाहिलं.”

“मग?”

“... नाक्यावर पोचायचं होतं.”

बाबांनी चाकाची एक तार आवळली. दुसरी सैल केली. मग खडूचा तुकडा त्याच्या हातात दिला.

“रिमजवळ धर. हात हलवू नकोस. जिथं खडू लागेल, तिथं आउट, म्हणजे चाक वाकडं.”

त्यांनी चाक फिरवलं.

खडू लागला. पुन्हा लागला. रिमभर पांढरे ओरखडे उठले.

“लईच बिघडलंय, बाबा. सगळीकडंच लागतंय.”

बाबांनी तळहात टेकवून चाक थांबवलं.

चाक थांबलं. खडू रिमवर टकटकत राहिला. उत्तरेश्वरनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तरी टकटक थांबेना.



“शेवंतावहिनीला काय सांगू, बाबा?”

“काही सांगू नकोस,” बाबा म्हणाले. “हा हात तसाच घेऊन जा.”