काळपट पाना आणि लाल पेटी

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

अवजारं आपापसांत बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. तुळशीरामच्या हार्डवेअरच्या दुकानात एक काळपट पाना बरेच दिवस पडून होता. एका सकाळी तुळशीराम म्हणाला, "आज खपला नाही तर भंगारात देतो."

शेजारच्या लाल पेटीतले चकचकीत पाने खिदळले. "ए काळ्या, गिऱ्हाईक आधी रूप बघतं!"

"बघू दे," काळपट पाना म्हणाला. "नंतर जोरही लावून बघेल."

दुपारी इंदिराकाकू आल्या. घरच्या गॅरेजमध्ये त्या आपली स्कूटर स्वतःच दुरुस्त करायच्या.

"काकू, अख्खी पेटी न्या. एका पान्याच्या भावात!" तुळशीराम म्हणाला.

काकूंनी पिशवीतून नट गंजून बसलेला एक बोल्ट काढला आणि दुकानातल्या शिकंज्यात घट्ट आवळला. पेटीतला पाना नटाला लावून त्यांनी जोर दिला, तसं त्याचं तोंड फाकलं.

"आई गं!" तो ओरडला.

मग त्यांनी काळपट पाना लावला. नट करकरला आणि सुटला.

"पण काकू, तेवढ्या पैशांत हा एकच येईल."

"एकच दे. मला नट सोडवायचेत, पेटी मिरवायची नाही. पुढचा लागेल तेव्हा नेईन."

काळपट पाना काकूंच्या पिशवीतून ऐटीत निघाला.

ही गोष्ट लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घ्यायला बाजारात गेलो आणि दुकानदाराला लाजत लाजत म्हणालो, "आधी लावून बघू द्या."