ठकाईची चावरी मेंढी

किती वर्षं झाली ते त्या डोंगरालाच ठाऊक. पण हुंबरमाळावरच्या धनगरवाडीत ठकाई नावाची बाई राहायची. नुसती लेंडी हुंगून मेंढरू कुठल्या उतारावर चरलं ते ती सांगायची, असं म्हणतात.

एका वर्षी मेंढरांना जंतांनी धरलं. पापण्या आतून ताकासारख्या पांढऱ्या पडल्या, हनुवटीखाली पाणी साठलं, रोज एखादं कोकरू आडवं व्हायला लागलं. जाणत्यांनी ठरवलं, अमावास्येपर्यंत उतार पडला नाही तर वाडी उठवायची, माळ सोडायचा.

ठकाईनं पदर खोचला. मेलेल्या मेंढराच्या पोटातले जंत करवंट्यांत ठेवले आणि एकेका करवंटीत एकेक काढा ओतला. कडुलिंब, वावडिंग, डाळिंबाची साल, पळसाच्या बिया. प्रत्येक काढा आधी स्वतः चाखला. तिनं जांभई दिली तरी शेजारणीचं तोंड कडू व्हायचं, असं म्हणतात. पळसाच्या करवंटीतले जंत सगळ्यांत आधी निपचित पडले.

"पण करवंटी म्हणजे पोट नव्हे," ठकाई म्हणाली. तिनं वीस आजारी मेंढरं आपल्या अंगणात बांधली. दहांना गेरूचा टिळा, दहांना हळदीचा. "गेरूवाल्यांना पळसाचा काढा, हळदवाल्यांना नुसतं पाणी. नाहीतर कळायचं कसं, गुण कशानं आला?"

राखणीला तिचा दीर सिदू. अंगानं पहाड, मिशा रेड्याच्या शिंगांएवढ्या. तो पुटपुटला, "वैनी, काळीज दगडाचं हाय का वो तुमचं?"

"असू दे दगडाचं. भावजी, तुम्ही फक्त राखण करा."

आठव्या दिवशी बघतात तर काय, गेरूवाली दहाही उड्या मारतायत! आणि हळदवालीही, एक सोडून नऊ! वाडी नाचायला लागली. एकटी ठकाई मटकन खाली बसली.

"अगं बायांनो, नाचता काय? पाण्यावर बरी झाली म्हणजे गुण माझ्या अंगणातल्या सावलीचा. सगळ्या कळपाला ती कुठून आणू? काढा बिनकामाचा!" आणि ती हंडा ओतायला उठली.

तसा सिदू पोरासारखा रडायला लागला. "वतू नगा, वैनी! त्यांची तोंडं बघवंनात. दुपारी समदी डुलक्या घ्यायची, तवा मीच पाजला काढा हळदवाल्यांना."

"मग ही एक का लोळतीय?"

सिदूनं चिंधी बांधलेलं बोट वर केलं. "ती चावती."

ठकाई हसायला लागली, ती सात डोंगरांपलीकडं ऐकू गेली, असं म्हणतात. "अरे, हिनंच तर सिद्ध केलं! नाही प्यायली, नाही बरी झाली!"

त्याच दिवशी सगळ्या कळपाला काढा पाजला. जंत इतके पडले की खायला सात गावचे कावळे आले आणि तृप्त होऊन चालत घरी गेले. चावऱ्या मेंढीला पाजायला मात्र चार गडी लागले. वाडी जागची हलली नाही.

आजही तिथं पावसाळा सरला की मेंढरांना काढा पाजतात. त्याआधी वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई हंड्याशी उभी राहून दरडावते, "चोरून कुणी पाजलं?" आणि सगळे मिशीवाले गडी मान खाली घालून एका सुरात ओरडतात, "मी पाजलं, ठकाई!" कबुली दिल्याशिवाय पहिल्या मेंढराच्या तोंडाला काढा लागत नाही.