त्र्यंबकशेठचे वजनदार यंत्र

एका बाजारपेठेच्या गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे एक जुने दुकान होते. दुकानाचे मालक त्र्यंबकशेठ. पुढे दुकान, मागे बैठक आणि त्यामागे राहते घर, अशी त्यांची वास्तू होती. पितळेची भांडी वजनावर विकली जातात. त्यामुळे जड भांडे म्हणजे खरे भांडे आणि हलके भांडे म्हणजे फसवणूक, हे शेठजी लहानपणीच शिकले होते. आयुष्यात पुढे त्यांना दुसरे काही शिकण्याची गरज वाटली नाही.

गिऱ्हाईक हंडा घ्यायला आले की शेठजी सर्वांत जड हंडा पुढे सरकवत. त्यावर बोटाची टिचकी मारत. हंडा घुमला की म्हणत, "ऐकलंत? पिढ्यान् पिढ्या टिकेल." गिऱ्हाईक खूश होऊन हंडा घेऊन जाई. तो पाण्याने भरल्यावर उचलणार कोण, हा प्रश्न दुकानात कधी निघत नसे.

त्यांची पत्नी अनसूयाबाई. बुटक्या, अंगाने थोड्या जड आणि बोलण्यात मोजक्या. त्यांना बरीच वर्षे साखरेचा आजार होता. अलीकडे पायांना मुंग्या येऊ लागल्या, म्हणून शेठजी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी पाय तपासले आणि स्पष्टच सांगितले, "औषधं चालू ठेवा, पण रोज चालायला हवं. साखर आटोक्यात आली नाही, तर आज मुंग्या येतात, उद्या पायाला काटा रुतला तरी कळायचा नाही. मग बोटावर बेततं."

आता चालायचे कुठे? दाराबाहेर बाजारपेठ. हातगाड्या, टेम्पो, पथाऱ्या, मोकाट गुरे. मागच्याच वर्षी अनसूयाबाई एका दुकानाच्या ताडपत्रीच्या दोरीला अडखळून भर रस्त्यात पडल्या होत्या. तेव्हापासून एकट्याने बाहेर पडायचे म्हटले की त्यांच्या छातीत धडधडे. म्हणून घरातल्या घरात चालण्यासाठी ट्रेडमिल आणायची ठरली. पट्टा फिरतो आणि माणूस जागच्या जागी चालतो, असे ते यंत्र.

शेठजी जिल्ह्याच्या गावी निघाले. अनसूयाबाईंनी विचारले, "मी येऊ का बरोबर?"

"तू येऊन काय करणार? तुला त्यातलं काय कळतं?" शेठजी म्हणाले.

यंत्रांतले शेठजींनाही काही कळत नव्हते. पण तो विषय निघाला नाही.

तिथल्या व्यायामयंत्रांच्या दुकानदाराने त्यांना आधी एक लहान यंत्र दाखवले. किंमत बेताची. चढायला पायरी ठेंगणी. पट्टा अगदी सावकाश सुरू होणारा. काम झाले की घडी घालून भिंतीशी उभे करता येणारे. शेठजींनी त्याची एक बाजू धरून उचलून पाहिली. ती सहज उचलली गेली आणि शेठजींचा चेहराच पडला.

"हलकं आहे," ते म्हणाले.

"घरी चालायला एवढं पुरतं, शेठ."

शेठजींचे लक्ष तोवर कोपऱ्यात गेले होते. तिथे एक अवाढव्य यंत्र उभे होते. शहरातली एक मोठी व्यायामशाळा बंद पडली, तिथून ते आले होते. शेठजींनी ते ढकलून पाहिले. हलले नाही. त्यांनी टिचकी मारली. आवाज भरदार आला. किंमत विचारली. लहान यंत्रापेक्षा जास्त होती, पण शेठजींनी मनातल्या मनात तिला वजनाने भागले आणि त्यांना हर्ष झाला. किलोमागे पाहिले, तर ते यंत्र जवळजवळ फुकट होते.

दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "शेठ, हे पळणाऱ्या पोरांसाठी आहे. चालणार कोण आहे?"

"पैसे देणारा मी आहे," शेठजी म्हणाले.

दुकानदाराने पुढे काही विचारले नाही. पडून असलेला माल जात असेल, तर भला माणूसही गप्प बसतो.

यंत्र टेम्पोतून घरी आले. सहा हमालांनी ते कसेबसे बैठकीपर्यंत आणले. बैठकीतून माजघरात जाणारे दार होते अरुंद. यंत्र आडवे करून पाहिले, उभे करून पाहिले, पण आत जाईना. शेवटी हमाल घाम पुसत म्हणाले, "शेठ, आता हे इथंच राहू द्या." शेठजींना ते आवडलेच. बैठकीत दिवसभर व्यापारी येत, चहा घेत, भाव बोलत. चार लोकांच्या नजरेस पडेल अशीच ती जागा होती.

अनसूयाबाईंनी यंत्राची पूजा केली. हार घातला, नारळ वाढवला आणि काळ्या पट्ट्यावर मधोमध ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढले. मग हळूच म्हणाल्या, "अहो, इथे सगळ्यांच्या देखत मी चालायचं?"

"आपलंच घर आहे. लाजायचं काय त्यात?" शेठजी म्हणाले आणि आलेल्या व्यापाऱ्यांना यंत्राचे वजन सांगू लागले.

व्यापाऱ्यांनी यंत्राची खूप तारीफ केली. कोणी दांड्या हलवून पाहिल्या, कोणी टिचकी मारली. असे यंत्र अख्ख्या तालुक्यात नसेल, असे एकजण म्हणाला. त्याने तालुका कधी धुंडाळला होता कोण जाणे, पण शेठजींनी त्याला दुसरा चहा पाजला.

एके दुपारी बैठक रिकामी पाहून अनसूयाबाई यंत्रापाशी गेल्या. त्याची पायरी त्यांच्या गुडघ्याला येत होती. चढायला आधार घ्यावा, तर दोन्हीकडच्या दांड्या इतक्या दूर की एकीला हात पुरला तर दुसरी सुटत होती. त्या साडी सावरून एक पाय वर टेकवणार, तोच एक अडत्या "शेठ आहेत का?" करत आत आला. अनसूयाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या माजघरात निघून गेल्या. पुन्हा त्या यंत्राकडे गेल्या नाहीत.

दुकान बंद करून आल्यावर शेठजी रोज विचारत, "चाललीस का?"

"हो," अनसूयाबाई म्हणत.

हे खोटे होते. एवढे यंत्र आणले, गावभर नाव झाले, आता ते आपल्या उपयोगाचे नाही म्हटले तर नवऱ्याचे हसे होईल, असे त्यांना वाटे. नवऱ्याचे हसे वाचवण्यासाठी त्या स्वतःचे पाय खर्ची घालत होत्या. असे खोटे बोलणाऱ्या बायका घरोघर आहेत, आणि असे खोटे खरे मानणारे नवरेही.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. एक दिवस अनसूयाबाई ओसरी पुसत होत्या. पुसता पुसता त्यांना फरशीवर तांबडे ठसे दिसले. कोणाच्या पायाला लागले म्हणून त्या पाहू लागल्या, तर ठसे त्यांच्याच पावलाचे होते. उजव्या पायाच्या करंगळीत काच रुतली होती. ती कधी रुतली, हे त्यांना कळलेही नव्हते.

जखम चिघळली. डॉक्टरीणबाईंनी जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवले. तिथे बरेच दिवस प्रयत्न झाले, पण साखर इतकी चढलेली होती की जखम भरेना. अखेर पाय वाचवण्यासाठी करंगळी काढावी लागली.

पत्नीच्या साड्या घ्यायला शेठजी घरी आले. भर दुपारची वेळ होती. बैठकीच्या खिडकीतून आलेले ऊन थेट यंत्रावर पडले होते. शेठजी जाता जाता थबकले. काळ्या पट्ट्यावर धूळ होती आणि धुळीखाली कुंकवाचे स्वस्तिक होते. वाळलेले, पण अगदी जसेच्या तसे. त्याची एक रेघही फिसकटली नव्हती. त्या पट्ट्यावर आजपर्यंत एकही पाऊल पडले नव्हते.

शेठजी तिथेच खुर्चीत बसले. साड्या घ्यायच्या आहेत, हे त्यांच्या बराच वेळ लक्षात आले नाही.

इस्पितळात परतल्यावर त्यांनी विचारले, "तू चालतच नव्हतीस?"

"नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रोज विचारायचात, चाललीस का. चालता येतंय का, असं कधी विचारलंत?"

शेठजींना स्वतःची लाज वाटली. पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेल्या त्या पावलाकडे त्यांना बघवेना, आणि दुसरीकडेही बघवेना.

घरी येताच त्यांनी यंत्र काढायचे ठरवले. घ्यायला कोणी पुढे आले नाही. ज्यांनी तारीफ केली होती, त्यांनी घरात जागा नसल्याचे सांगितले. शेवटी भंगारवाल्याला बोलावले. त्याने यंत्राचे तुकडे केले आणि वजनावर नेले. वजन मात्र अगदी चोख भरले.

पाय बरा झाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले मऊ बूट आले. मग शेठजी पुन्हा जिल्ह्याच्या गावी निघाले. या वेळी अनसूयाबाई बरोबर होत्या. दुकानदाराने शेठजींना ओळखले आणि विचारले, "बोला शेठ, कोणतं दाखवू?"

शेठजी बाजूला झाले. "ह्यांना विचारा," ते म्हणाले.

अनसूयाबाईंनी चपला काढून बूट घातले. चपला कुठे ठेवाव्या म्हणून त्या इकडेतिकडे पाहू लागल्या, तेव्हा शेठजींनी त्या आपल्या हातात घेतल्या. बाजारपेठेत ज्यांच्यापुढे लोक उठून उभे राहत, ते त्र्यंबकशेठ बायकोच्या चपला धरून उभे राहिले. दुकानात इतर गिऱ्हाइकेही होती. शेठजींनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

पूर्वी दाखवलेल्या लहान यंत्रावर अनसूयाबाई आधी चढल्या. चार पावले टाकून उतरल्या. "हे पायाखाली थरथरतं. मला पडायची भीती वाटते," त्या म्हणाल्या. म्हणजे दुकानदाराचा अंदाजही पुरता बरोबर नव्हता. दुसऱ्याची पायरी उंच निघाली. तिसऱ्यावर त्यांनी दोन्ही दांड्या धरल्या. हात नीट पोहोचले. पट्टा हळूच सुरू झाला आणि अनसूयाबाई चालू लागल्या. कोणी थांबा म्हणेपर्यंत चालतच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती गेलेली शेठजींनी पाहिली.

यंत्र दिसायला साधे होते. आधीच्या धुडापेक्षा खूपच स्वस्त होते. शेठजींनी ते उचलून पाहिले नाही की त्यावर टिचकी मारली नाही. माजघराच्या दाराची रुंदी मात्र ते सुतळीने मोजून घेऊन आले होते. यंत्र आत गेले, खिडकीपाशी बसले आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्याची घरघर दुकानात ऐकू येऊ लागली. उजव्या पायाला एक बोट कमी होते, म्हणून अनसूयाबाईंची चाल जरा तिरकी पडे. पण त्या चालत होत्या.

लग्नसराईत एक तरुण दुकानात आला. नवे घर बांधले होते, त्याला मोठा हंडा हवा होता. शेठजींचा हात सवयीने सर्वांत जड हंड्याकडे गेला. तेवढ्यात माजघरात पट्टा सुरू झाला. शेठजींनी हात मागे घेतला.

"घरात पाणी कोण भरतं?" त्यांनी विचारले.

तरुण गोंधळला. "आई भरते. का बरं?"

"मग उद्या आईला घेऊन या," शेठजी म्हणाले. "हंडा त्यांना उचलून बघू द्या."

त्या दिवशी हंडा विकला गेला नाही. माजघरातली घरघर थांबेपर्यंत शेठजी ऐकत बसले.

तात्पर्य: वस्तू ज्याच्यासाठी घ्यायची त्यालाच आधी विचारावे; न विचारता घेतलेली वस्तू कितीही मोठी असली आणि कितीही स्वस्तात मिळाली, तरी तिची किंमत शेवटी त्यालाच भरावी लागते.