केरबाची विकतची टोपी

ज्या गावात कुणीच कधी टोपी विकत घेत नसे, अशा एका गावात केरबा नावाचा एक माणूस राहत होता.

आता कुणाला वाटेल, सगळं गाव बोडकं फिरत असेल. तसं नव्हतं. टोप्यांनी घरोघरच्या पेट्या भरलेल्या होत्या. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, नाहीतर मास्तरांची निवृत्ती असो. मानाच्या माणसाला टोपी, टॉवेल आणि नारळ द्यायचा, असा रिवाज होता. नारळ फुटायचा, टॉवेल वापरात यायचा, आणि टोपी पेटीत पडून पुढच्या लग्नाची वाट बघायची. पांढरी, पातळ, साऱ्या जगाला एकाच मापाची. कुणाच्याही डोक्यावर ती डब्याच्या झाकणासारखी बसायची आणि फोटो निघाला की उतरायची. केरबाच्या आईनं एकदा एका टोपीला आतून शाईचा ठिपका लावून बघितला. तीन वर्षं गावभर फिरून तीच टोपी तिच्या घरी परत आली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

केरबा एरवी पिठाच्या गिरणीवर कामाला होता. पण त्याचा आवाज असा खणखणीत, की पंचक्रोशीतल्या लग्नांत माईक त्याच्याच हातात असायचा. "वधूचे आजोबा यांनी व्यासपीठावर येऊन सत्काराचा स्वीकार करावा, ही नम्र विनंती," असं तो म्हणाला की आजोबांची मान आपोआप ताठ व्हायची. बारा वर्षांत त्यानं हजारो नावं पुकारली. त्याचं नाव मात्र कुणी पुकारलं नाही. पुकारणार कोण? माईक त्याच्याच हातात.

हे दुःख त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि नव्या नवरीला घरातलं सगळं ऐकू येतं. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या इंदूनं एका सकाळी पडवीतून ऐकलं. केरबा आरशासमोर दाढी करत होता, आणि साबणाच्या फेसातून हळूच म्हणत होता, "श्री. केरबा धोंडिबा यांनी व्यासपीठावर यावं, ही नम्र विनंती." इंदू चहाचा कप घेऊन आल्या पावली मागे फिरली. चहा गार झाला, पण त्याची लाज राखली गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो म्हणाला, "इंदू, मला एक टोपी घ्यायचीय. फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची. भोवती काठ असलेली. फेडोरा म्हणतात तिला."

इंदूला आधी टोपीचं काही वाटलं नाही. तिला धक्का बसला तो "घ्यायचीय" या शब्दाचा.

सासूबाई तर निवडायला घेतलेले तांदूळ तसेच ठेवून उठल्या. "विकत? टोपी? अरे, पेटीभर पडल्यात घरात!"

"त्या आलेल्या आहेत, आई."

"मग? टोपी येते. आणत नसतात!"

पण केरबानं ठरवलं होतं. गिरणीच्या पगारातून सहा महिने बाजूला टाकलेले सातशे रुपये त्याच्याकडे होते. एका रविवारी तो इंदूला घेऊन तालुक्याला गेला. तिथल्या पेठेत कासमचाचांचं टोप्यांचं जुनं दुकान होतं.

काचेच्या कपाटात एक टोपी झळकत होती. काळीभोर, लाल रेशमी अस्तराची, फितीत मोराच्या रंगाचं पीस खोवलेली. किंमत साडेचारशे. केरबाचे डोळे तिच्यावर खिळले. "हीच," तो म्हणाला.

कासमचाचांनी टोपी खाली काढली आणि तिच्या माथ्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला. पडला तो पडलाच. "गोंद लावून कडक केलीय," चाचा म्हणाले. "एकदा घाम प्यायली की हिचा पापड होतो. गिऱ्हाईक पीस बघून नेतं आणि मला शिव्या देतं."

मग त्यांनी वरच्या फळीवरची एक काढली. सशाच्या लोकरीची, हातात घेतली तर साय धरल्यासारखी. किंमत ऐकून इंदूनं दुकानाचा खांब धरला. तीन हजार! तेवढ्या पैशांत त्यांच्या घराचं एका बाजूचं छप्पर शाकारून झालं असतं.

"घाबरू नको, पोरी," चाचा हसले. "ही फक्त हात लावून बघण्यासाठी. चांगला फेल्ट कसा असतो ते हाताला कळलं, की मग खिशाला परवडेल तो ओळखता येतो." आणि त्यांनी कोपऱ्यातून एक साधी तपकिरी टोपी काढली. मेंढीच्या लोकरीची. पीस नाही, चमक नाही. काठ मध्यम, आत घामासाठी चामड्याची पट्टी. अंगठा दाबला तशी ती दबली, आणि अंगठा काढताच पुन्हा वर आली.

"आठशेची आहे. पण आधी डोकं इकडे करा."

"डोकं कशाला?"

"माप घ्यायला."

केरबाला हे नवीनच होतं. डोक्याला माप असतं हे त्याच्या गावात कुणाला ठाऊकच नव्हतं. चाचांनी त्याच्या कानांच्या एक बोट वरून कपाळाभोवती फीत फिरवली. साडेबावीस इंच. तपकिरी टोपी साडेबावीसचीच निघाली. ती डोक्यावर उतरली तेव्हा केरबा आरशात बघतच राहिला. ही झाकणासारखी बसली नव्हती. ही त्याची होती.

"शंभर कमी पडतात," तो हळूच म्हणाला आणि पुन्हा त्या पिसाच्या टोपीकडे बघू लागला. इंदूनं कमरेची पिशवी सोडली, माहेराहून निघताना मामीनं हातावर ठेवलेली शंभराची नोट काढली आणि काउंटरवर ठेवली.

चाचांनी निघताना बजावलं, "काढून ठेवायची तर उलटी ठेवा, काठ वाकत नाही. आणि माथ्याला चिमटीत धरू नका."

पुढच्याच आठवड्यात हणमंतरावांच्या मुलीचं लग्न होतं. वैशाखाचं ऊन, पत्र्याचा मांडव, आणि केरबाच्या डोक्यावर लोकरीची टोपी. तो मांडवात शिरला तसा सनईवाल्याचा सूर चुकला.

"कुणी दिली रे?" पहिल्याच म्हाताऱ्यानं विचारलं.

"कुणी नाही. घेतली."

म्हाताऱ्याच्या तोंडातली सुपारी थांबली. बातमी बायकांच्या बाजूला पोचायला वेळ लागला नाही. "अगं बाई! स्वतःच स्वतःला आहेर?" एक जणी इंदूच्या कानाशी येऊन म्हणाली, "आता तुझा नवरा स्वतःची ओटीही स्वतःच भरणार का गं?" इंदू खाली मान घालून हसली. रडण्यापेक्षा ते सोयीचं होतं.

मंगलाष्टका झाल्या. सत्कार सुरू झाले. घामाच्या धारा लागल्या, तशी केरबानं टोपी काढली आणि चाचांनी सांगितल्याप्रमाणे उलटी करून शेजारच्या टेबलावर ठेवली. टेबल आहेराचं होतं. एका बाजूला टॉवेल, एका बाजूला नारळ, मध्ये पांढऱ्या टोप्यांची चळत. वधूचे काका एकेक उचलून देत होते. केरबा नाव पुकारत होता. नवरदेवाचे मामा, नवरदेवाचे आतोबा, सरपंच, पोलीस पाटील. पांढऱ्या टोप्यांची चळत उतरत गेली.

यादी संपली, तेवढ्यात हणमंतराव खालून म्हणाले, "केरबा, आपल्या भागूजीआप्पांचंही नाव घे. मठ्ठा काय झालाय आज!"

भागूजीआप्पा म्हणजे गावचे आचारी. चाळीस वर्षं गावातलं प्रत्येक लग्न त्यांच्या हातचं जेवलं होतं. पण व्यासपीठ कसं असतं ते त्यांनी भटारखान्याच्या कनातीतूनच बघितलेलं. केरबानं नाव पुकारलं. आप्पा आले. अंगात घामानं भिजलेली बंडी, हाताला बेसन. वधूच्या काकांनी टॉवेल उचलला, नारळ उचलला आणि टोपीसाठी हात घातला. पांढऱ्या टोप्या संपल्या होत्या. टेबलावर एकच टोपी होती.

आहेराच्या टेबलावरची टोपी आहेराचीच असणार. त्या गावात टोपीला दुसरा जन्मच नव्हता. काकांनी क्षणभरही विचार केला नाही. उलटी होती ती सुलटी केली आणि आप्पांच्या डोक्यावर ठेवली.

बरोब्बर बसली.

इंदू अर्धी उठून तशीच राहिली. आप्पांना काही कळेना. त्यांनी डोक्यावर काय आहे ते बघायला हात वर नेला आणि काठ चाचपला. तपकिरी फेल्टवर बेसनाची तीन पिवळी बोटं उमटली. केरबाच्या हातातला माईक किंचाळल्यासारखा कुंईऽऽ वाजला.

आणि नवरदेवाचे मामा उभे राहिले. त्यांच्या डोक्यावर पांढरं झाकण अजून होतं. "काय हो हणमंतराव, आमची लायकी दहा रुपयांच्या टोपीची, आणि तुमच्या आचाऱ्याची साहेबाच्या टोपीची? उठा रे! गाड्या काढा!"

वऱ्हाड खरंच उठायला लागलं. नवरी कावरीबावरी झाली. हणमंतराव हात जोडून धावले, मग टोपीकडे बघून त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते केरबाजवळ येऊन पुढच्या रांगांनाही ऐकू जाईल अशा दबक्या आवाजात म्हणाले, "सांगून टाक रे माईकवर, चूक झाली म्हणून! तुझीच टोपी ना ती? घे परत, आणि सोडव मला!"

आप्पांनी ते ऐकलं. चेहरा उतरला. त्यांचा हात टोपी काढायला वर गेला.

इंदूला पुढचं सगळं दिसलं. ह्यांनी "चूक झाली" म्हटलं की लग्न वाचेल, टोपी परत येईल, बेसन ब्रशनं निघेल. आणि चाळीस वर्षांनी व्यासपीठावर आलेला म्हातारा भर मांडवात उघड्या डोक्यानं खाली उतरेल. खरं तेच बोलायचं होतं. तिला वाटलं, ह्यांनी बोलावं. तिला वाटलं, बोलू नये.

केरबानं माईक तोंडाशी नेला.

"मंडळी, ती टोपी लग्नघरची नाही. माझी आहे."

आप्पांचा हात काठावर थिजला.

"मी विकत घेतली. बारा वर्षं मी सगळ्यांची नावं पुकारतोय, माझं कुणी पुकारत नाही. म्हणून म्हटलं, आपणच आपल्या डोक्यावर टोपी ठेवू." त्याचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच कापला. "चुकून ती आप्पांच्या डोक्यावर गेली. ही चूक मी दुरुस्त करणार नाही. मामासाहेब, लग्नघरानं सगळ्यांना सारखंच दिलंय. आप्पांची टोपी माझ्याकडून. तुम्हाला रुसायचंच असेल तर माझ्यावर रुसा. मी तुमचा कुणीच लागत नाही."

मांडवाला जो धक्का बसला, तो टोपीपेक्षा मोठा होता. आरशासमोर पुटपुटायची गोष्ट माणसानं स्पीकरवर सांगितली होती. इंदूचे कान तापले. ज्या लाजेसाठी तिनं चहा गार होऊ दिला, ती लाज आता मांडवाच्या चारही खांबांवर टांगलेल्या कर्ण्यांतून साऱ्या गावाला ऐकू गेली होती.

मामा उभेच होते. जिथं रुसायला नातंच नाही, तिथं रुसायचं कसं, हे त्यांना सुचेना. "मग हे आधी सांगायचं," ते कुरकुरले आणि बसले. थोड्या वेळानं त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "मठ्ठ्याबरोबर जिलबी आहे का हो?"

आता इथं कुणीतरी धावत येऊन केरबाचं नाव पुकारायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मंडळी जेवायला पळाली. केरबानं माईकची वायर गुंडाळली.

सगळ्या पंगती उठल्यावर भटारखान्यामागे आचाऱ्यांचं पान मांडलं गेलं. आप्पांनी केरबाला आणि इंदूला तिथं बोलावून घेतलं. टोपी त्यांच्या डोक्यावरच होती. आप्पांनी स्वतःच्या हातानं दोघांना वाढलं आणि केरबासमोर मांडी घातली. मग लहान मुलासारखं विचारलं,

"केरबा, खरं सांग रे. शोभते का मला?"

केरबाच्या हातातला घास थांबला. त्यानं वर बघितलं. तपकिरी काठाखाली आप्पांचे डोळे धुरानं लाल झालेले, आणि तरी कधी नव्हे इतके उजळ. इंदूनं आपल्या नवऱ्याची नजर काठावरच्या बेसनाच्या तीन बोटांवर अडलेली बघितली. तिला वाटलं, मांडवात एवढं सगळं बोलला तेव्हाही ह्याला इतकं जड गेलं नव्हतं.

"शोभते, आप्पा," केरबा म्हणाला. "माझ्यापेक्षा शोभते."

आणि त्यानं घास तोंडात घातला.

तात्पर्य: वस्तू हातातून गेली म्हणजे ती दिली, असं होत नाही. ती आपल्यापेक्षा दुसऱ्याला शोभते असं खऱ्या मनानं म्हणता आलं, की समजावं, आता दिली.