घंगाळाची परीक्षा

एका गावात तांबटांची एक आळी होती. उजाडल्यापासून तिथे तांब्यावर हातोडे पडत. ठोकून ठोकून माणसांचे कान जात, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. नियम एकच: ज्याचे कान पार गेले, त्याने हातोडा ठेवावा आणि आळीबाहेरच्या शांत पडवीत कल्हईला बसावं.

द्वारका तीस वर्षं भांडी ठोकत होती. तिला ढोल ऐकू येई, गाडीची चाकं ऐकू येत. चिमणीची चिवचिव येत नसे. माणसं बोलली की आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. नातीचा बारीक आवाज तर निम्मा वाटेतच विरायचा. उरलेला निम्मा तरी राहावा म्हणून तिने आळीचा मुखिया गणोजी याच्याकडे कल्हईची जागा मागितली.

गणोजीने जन्मभर भांडी पारखली होती. ठोकायचं, खणकन वाजलं तर चांगलं, नाही तर फुटकं. त्याच्या लेखी कानही तसेच. त्याने गुपचूप तिच्या मागे जाऊन मोठं घंगाळ बडवलं. द्वारका दचकून वळली.

"ऐकू येतंय की," गणोजी हसला. "बाईला हवं तेवढंच ऐकू येतं. पार बहिरी झालीस की ये."

ओठांवरून द्वारकेला सगळं कळलं. पार बहिरी झाल्यावर राखायचं काय, कपाळ? तिचं माथं भडकलं. तिने पदराला टोचलेली सुई काढली आणि पदराचाच एक दोरा ओढला.

"गणोजीभावजी, समोरचा डोंगर दिसतो?"

"दिसतो की."

"मग ह्या सुईत दोरा ओवा."

गणोजीने सुई लांब धरली, जवळ धरली, दोरा जिभेवर ओला केला. तीनदा चुकला.

"डोंगर दिसतो आणि सुईचं भोक दिसत नाही. आंधळे आहात की ढोंगी? नक्षीची बारीक रेघ लेकाकडून मारून घेता, तेव्हा पार आंधळं व्हायची वाट बघितलीत का?"

आजूबाजूला ठोकत बसलेल्यांपैकी एका कानाने अधू असलेला भिवबा उठला. ज्याच्या कानात अष्टौप्रहर शिट्टी वाजे तो सखाराम उठला. ढोंगी म्हणतील म्हणून आजवर गप्प बसलेल्या दोघांनी आपले हातोडे गणोजीपुढे आणून ठेवले.

गणोजीने मान खाली घालून पडवीची किल्ली पुढे केली. द्वारकेने ती घेतली. आभार मानले नाहीत.

तात्पर्य: कान म्हणजे वाजवून पारखायचं भांडं नव्हे. कुणाचा एक कान जातो, कुणाचे नुसते शब्द जातात, कुणाचं सगळंच जातं. जेवढं गेलं तेवढं खरं माना. सगळं जाईपर्यंत थांब म्हणणारा माणूस दुसऱ्याचं उरलेलंही हिरावून घेतो.