सगुणाने वाट कोणाला विचारली

लहानथोर हो, ऐका. दिवसाचे प्रहर घंटेच्या ठोक्यांवरून कळायचे, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. डोंगरातल्या एका राज्यात सगुणा नावाची विणकराची मुलगी राहत होती.

एकदा ती बापाबरोबर लुगडी विकायला राजधानीत गेली. तिथे राजवाड्यासमोर ओतारी नवी घंटा ओतत होते. भाते धापा टाकत होते, मुशीत वितळलेलं कासं रटरटत होतं. मूस कलंडली, लालभडक धार साच्यात उतरली आणि सगुणाच्या अंगावर सर्रकन काटा आला. जणू उगवता सूर्यच कोणी ओतत होतं!

"बाबा, मला हेच शिकायचंय!" ती ओरडलीच.

"वेडी की खुळी? भाजून घेशील," बाप म्हणाला. "आपला माग बरा. सावलीतलं काम."

पण सगुणाला चैन पडेना. परत आपल्या गावात पाऊल टाकताच ती धान्याच्या व्यापाऱ्याकडे धावली. तो गावातला हुशार माणूस.

"अगं, शीकच!" तो म्हणाला. "माझ्या सगळ्या बैलांना घंटा हव्यात. फुकट देशील ना?"

एकाचं नाही, एकाचं हो. आता काय करावं? शेवटी ती गावचे तंटे सोडवणाऱ्या पाटलीणबाईंकडे गेली.

पाटलीणबाई हसल्या. "पोरी, भांडण असतं तर निवाडा दिला असता. घंटा मी नुसती ऐकलीय. तुझ्या बापाला तुझी काळजी, व्यापाऱ्याला बैलांची. भट्टीपाशी आमच्यातलं कोण उभं राहिलंय? नदीपलीकडे अनसूया ओतारीण राहते, तिच्याकडे जा. आणि हे बघ, शिकू का नको, असं विचारू नकोस. काम कसं असतं, ते विचार."

सगुणाने पहिली नाव पकडली.

म्हातारी अनसूया कोपरापर्यंत चिखलात हात घालून बसली होती. "आजी, तुमचं काम कसं असतं हो?" सगुणाने धापा टाकतच विचारलं.

म्हातारीने मान वर केली. "ओतणं म्हणशील तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतं. बाकी सगळे दिवस ही माती. चाळायची, तुडवायची, साचा करायचा, वाळवायचा. आवडेल?"

"ठाऊक नाही."

"मग उतर चिखलात!"

सगुणा उतरली. मळून मळून हात भरून आले, तुडवून तुडवून पायांना भेगा पडल्या, तरी बापाचं मागावरचं काम आटोपून ती रोज येत राहिली. अखेर तिने स्वतःची लहानशी घंटा ओतली. साचा फोडला, हातोडीने घंटेवर टोला मारला.

ठक्क! फुटक्या मडक्यासारखा आवाज.

सगुणाचे डोळे भरून आले. पण दुसऱ्याच क्षणी ती घंटा उलटी करून आत डोकावत होती. "आजी, बघा, आत भोकं पडलीत! साचा ओला राहिला का? पुन्हा करू? आत्ताच करू?"

म्हातारी खदखदून हसली. "पहिली घंटा बिघडली की कोणी रडत घरी जातं, कोणी मला बोल लावतं. तू मात्र चूक शोधायला बसलीस! हे काम तुझंच आहे, पोरी. आता कोणाला विचारत हिंडू नकोस."

पुढचा साचा सगुणाने उन्हात खडखडीत वाळवला. या वेळी टोला पडताच नाद नदी ओलांडून गावात शिरला. बाप माग सोडून काठावर धावला.

"कोणाची गं ही घंटा?" त्याने अलीकडूनच हाक दिली.

"माझी, बाबा! मी ओतली!"

तो नाव करून पलीकडे आला. लेकीच्या हातातली हातोडी घेऊन त्याने घंटा वाजवली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. शेवटी अनसूयाच ओरडली, "अहो, पुरे! लोकांना वाटेल, राज्यावर शत्रू आला!"

तात्पर्य : माया करणाऱ्यांचं मन राखावं, पण वाट विचारावी ती त्या वाटेने चाललेल्यालाच.