येऊ का बोळ

पुण्याच्या जुन्या पेठांच्या पोटात, वरची कासार आळी आणि खालची कासार आळी यांच्या मधे एक बोळ आहे. बोळ म्हणजे किती अरुंद, तर छत्री उघडून आत शिरता येत नाही. दोन्ही अंगांना उंच दगडी भिंती, वर कुठेतरी एखादी खिडकी, आणि मधोमध असं वळण की या तोंडाला उभ्या असलेल्या माणसाला ते तोंड दिसत नाही. समोरून कुणी आलंच तर दोघांपैकी एकाला उलट्या पावली मागे जावं लागतं, दुसरा इलाज नाही. मोबाइलच्या नकाशात हा बोळ सापडत नाही. पण आळीतलं शेंबडं पोरही सांगेल, की बोळाच्या तोंडाशी थांबायचं, आत बघून विचारायचं, "येऊ का?" आणि पलीकडून "या" आलं की मगच पाऊल टाकायचं.

कुमुद वानखडे यांना हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. त्या अमरावतीच्या. तिथल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या आणि बेडकांच्या बरण्या सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. नवरा होता तेव्हा नवऱ्याबरोबर देवदर्शन, तो गेल्यावर महिला मंडळाबरोबर देवदर्शन. देव सोडून नुसतं एक शहर बघायला, आणि तेही एकटीने, निघण्याची ही त्यांची पहिलीच खेप होती. मोठमोठी ठिकाणं त्यांनी मुद्दाम टाळली होती. जिथे बस जात नाही अशा गल्ल्या त्या धुंडाळत होत्या. दगडी हौद पाहिले, घंटा करणाऱ्याचं दुकान पाहिलं, झाडाच्या ढोलीत बसवलेला गणपती पाहिला. पाय दुखत नव्हते, पोट बिघडलं नव्हतं. तरी त्या दिवशी रात्रीच्या बसने परत जायचं त्यांच्या मनाने जवळजवळ घेतलं होतं.

कारण एवढंच, की इतक्या दिवसांत त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. "सुट्टे द्या" आणि "आणखी काही?" याला बोलणं म्हणत असतील तर गोष्ट वेगळी. घंटेच्या दुकानात त्यांना केवढा आनंद झाला होता, पण तो सांगायला शेजारी कुणी नव्हतं. मुलगा प्रफुल्ल रोज फोन करून विचारी, "झाली ना हौस? ये आता." आपल्याला एकटीला फिरणं जमत नाही, हे त्याला कळवायचं तेवढं राहिलं होतं. तेच मनात घोळवत त्या बोळात शिरल्या आणि मागून आवाज आला.

"अहो ताई, बाहेर या आधी."

बोळाच्या तोंडाशी एका ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र, कानात ऐकण्याचं यंत्र.

"काऊन जी? रस्ता नाही काय हा?" कुमुदताई जरा तडकूनच म्हणाल्या.

"रस्ता आहे. पण विचारून जायचा आहे."

"कोणाले विचारायचं? इथं तं कोणीच नाही."

"म्हणूनच विचारायचं," म्हातारे म्हणाले, आणि सरकून त्यांनी ओट्यावर जागा केली. "बसा. गोष्ट ऐकल्याशिवाय तुम्हाला ते पटायचं नाही. मलाही दुपारपासून कुणी भेटलेलं नाही."

हे नरहर करपे. आळी त्यांना करपेआजोबा म्हणते. बोळाच्या या तोंडाला हाक ऐकायचं काम सध्या त्यांच्याकडे आहे, आणि कानात यंत्र घालून आपण ते करतो याचा त्यांना भारी अभिमान आहे. गोष्ट सांगताना ते हातवारे करत नाहीत, आवाज चढवत नाहीत. फक्त जिथे खात्री नसेल तिथे "म्हणे" म्हणतात, आणि जिथे मुळीच खात्री नसेल तिथे दोनदा म्हणतात.

फार पूर्वी, असं सांगतात, वरच्या आळीत हैबती नावाचा कासार राहत होता आणि खालच्या आळीत सटवाजी. दोघेही बांगड्यांच्या धंद्यातले, दोघेही नाकासमोर चालणारे, आणि दोघांचंही नाक जरा लांब. सटवाजीची मुलगी चिमा हैबतीच्या मुलाला दिली. लग्न थाटात झालं. पण मानपानात व्याह्याला दिलेलं पागोटं आखूड निघालं. हैबतीच्या डोक्यावर चार वेढ्यांत संपलं आणि मांडवात कुणीतरी हसलं. हैबती रागाने लाल झाला. त्यावर सटवाजीने गप्प बसावं की नाही? तो म्हणाला, "पागोटं पुऱ्या मापाचं आहे. डोकंच वाजवीपेक्षा मोठं, त्याला मी काय करू?"

झालं. त्या दिवसापासून व्याह्या-व्याह्यांचं येणंजाणं बंद पडलं. मधे एवढासा बोळ, पण तो ओलांडायला दोघेही तयार नव्हते. सटवाजी म्हणे, त्यांनी आपल्या तोंडाने "या" म्हणावं, मग मी त्यांच्या दारी जाईन. हैबती म्हणे, त्यांनी आधी "येऊ का" असं विचारावं, मग मी "या" म्हणेन. एक विचारीना, दुसरा बोलवीना.

"आणि त्यांच्या बायका काय म्हणत होत्या?" कुमुदताईंनी विचारलं.

"बायका पाणवठ्यावर रोज भेटत होत्या. त्यांचं काही अडलं नव्हतं."

अडलं ते चिमाचं. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सासू भागीरथी नवऱ्याच्या मागे लागली, की पोरीला माहेरी पाठवा. तर हैबतीचं तेच. न्यायला येऊ का, असं त्यांनी विचारू दे. यात महिने गेले, आणि एके दिवशी दुपारी, दिवस भरायच्या आधीच, चिमाला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. भागीरथीला ते हाताला कळलं आणि तिचा धीर सुटला. तिने नवऱ्याला अक्षरशः घराबाहेर ढकललं, "धावा, गिरजाला आणा."

गिरजा सुईण खालच्या आळीत, सटवाजीच्या शेजारीच राहत होती. चिमालाही तिनेच या जगात आणलं होतं. इकडे पाणवठ्यावरून बातमी बापाच्या कानावर आधीच गेली होती, आणि सटवाजी गिरजाला घेऊन निघालासुद्धा होता. पुढे सटवाजी, मागे टोपली काखेला लावून गिरजा. वळसा घालून यायचं तर मधे ओढा, आणि त्या दिवशी ओढा दुथडी भरून वाहत होता. तेव्हा वाट एकच. खालून सटवाजी बोळात शिरला, वरून हैबती शिरला, आणि वळणावर दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? ज्या सुइणीला आणायला हैबती निघाला होता ती त्याच्या डोळ्यांसमोर उभी होती. त्याने चार पावलं मागे सरायचं, की काम झालं. पण मागे सरणं म्हणजे व्याह्याला वाट देणं, आणि वाट देणं म्हणजे "या" म्हणण्यासारखंच.

"व्याहीबुवा, सरा मागे. मुलगी माझी आहे," सटवाजी म्हणाला.

"सून माझी आहे. माझ्या घरी यायचं तर आधी विचारा."

"आणि मी विचारल्यावर तुम्ही नाही म्हणालात तर?"

हैबती भिंतीला पाठ लावून उभा राहिला म्हणे. सटवाजीही राहिला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं असं सांगतात. पोरीवर दोघांचाही जीव होता. लग्नानंतर चिमाला पहिली बांगडी हैबतीने स्वतः भरली होती, ती काचू नये म्हणून हाताला लोणी लावून. पण ताठ मान एकदा ताठली की ती वाकवायची कशी, हे दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं. गिरजाने सटवाजीच्या बगलेतून शिरून पाहिलं, जमलं नाही. तिने दोघांना हात जोडले, मग दोघांचा उद्धार केला. ती चिमासाठी भीत होती. मूल आडवं असताना किती वेळ हातात असतो, हे तिला माहीत होतं.

शेवटी गिरजाने टोपली खाली ठेवली. दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि व्याह्यांच्या डोक्यांवरून मोठ्याने हाक मारली.

"चिमे, येऊ का गं?"

हैबतीचं घर बोळाच्या तोंडापासून बरंच आत, बाळंतिणीच्या खोलीचं दार लावलेलं. आवाज पोचायचं कारण नव्हतं आणि परत यायचं तर नव्हतंच. पण पलीकडून उत्तर आलं. बारीक, दमलेलं, आणि अगदी स्पष्ट.

"या."

कुणी म्हणतात चिमा बोलली, कुणी म्हणतात भागीरथी. कुणी तर म्हणतात, की भिंतच बोलली म्हणे म्हणे. करपेआजोबांचं मत चिमाच्या बाजूने आहे.

ते ऐकून दोघेही व्याही हलले. विचारणारी तिसरीच निघाली आणि बोलावणारी घरची सून निघाली, म्हणजे घराने बोलावलं. आता कुणाचीच मान खाली जात नव्हती. हैबती मागे सरू लागला. पाठ फिरवायची नाही म्हणून तसाच, व्याह्याकडे तोंड करून, उलटा, भिंती चाचपत. समोर सटवाजी आणि त्याच्या मागे गिरजा. बोळ संपता संपता हैबतीची टाच एका उंचवट्याला अडखळली, आणि तो सवयीने, घरी आलेल्या कुठल्याही पाहुण्याला म्हणावं तसं म्हणून गेला, "सांभाळून या, पायरी आहे."

आपण काय बोललो हे त्याच्या मागाहून ध्यानात आलं. सटवाजी तिथेच पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला म्हणे. गिरजा त्याला ओलांडून आत गेली.

दिवेलागणीला चिमा सुटली. मुलगी झाली, आणि आईचंही सगळं ठीक होतं. दोन्ही आजे लुगडं, खण, नारळ घेऊन गिरजापुढे उभे राहिले. कोणाचं ताट मोठं यावर पुन्हा काही सुरू व्हायच्या आत गिरजा म्हणाली, "हे काही नको. मला वचन द्या. या बोळात शिरणाऱ्याने विचारायचं आणि ऐकणाऱ्याने या म्हणायचं. कोण आहे, कुणाचा आहे, कशाला आला आहे, हे विचारायचं नाही. आधी या म्हणायचं." दोघांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. पुढे म्हातारपणी ते बोळाच्या दोन तोंडांना बसून दिवसभर एकमेकांना "येऊ का" आणि "या" करत असत, जायचं कुणालाच नसे.

"मधल्या वळणावर खांद्याएवढ्या उंचीवर एक दगड गुळगुळीत झालेला आहे," करपेआजोबा म्हणाले. "तो हैबतीच्या पाठीने झाला म्हणे म्हणे. हात लावा त्याला. आणि आता उठा, विचारा."

"तुम्ही पाटी काऊन नाही लावत इथं?"

"पाटी वाचून माणूस तसाच आत जाईल. उत्तर कोण देणार त्याला?"

कुमुदताई बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. त्यांना लाज वाटली. साठीची बाई, परक्या गावात, रिकाम्या बोळाला काय विचारते आहे. तरी त्यांनी गिरजासारखे तळवे तोंडाशी धरले.

"येऊ का जी?"

पलीकडून, वळणाच्याही पलीकडून, कुठल्यातरी बाईचा आवाज आला, "या, या!" लगेच वरच्या खिडकीतून दुसरा, "या हो!" आणि मागून ओट्यावरून करपेआजोबांचा, खरं तर त्यांची पाळी नसताना, "या म्हणजे, जा." कुमुदताई हसत हसतच आत शिरल्या. वळणावर तो दगड होता, थंड आणि मऊ. त्यांनी त्याला हात लावला तेव्हा त्यांना एकदम भरून आलं. या सगळ्या शहरात त्यांना कुणीतरी या म्हणालं होतं, आणि कोण तुम्ही, हे विचारलं नव्हतं.

बोळ संपल्यावर ती पायरी लागली. सांभाळून चढून त्या तिच्यावर बसल्या. बस सुटायला अजून वेळ होता. संध्याकाळचं ऊन भिंतीवर चढत होतं, जवळ कुठेतरी भाजी फोडणीला पडली होती. तेवढ्यात बोळातून हाक आली. पोरसवदा, बिचकलेला आवाज, इथला नव्हे.

"येऊ का?"

कुमुदताईंनी इकडेतिकडे पाहिलं. आळीत कुणी नव्हतं. वरच्या खिडकीत एक बाई आली, तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, खाली पायरीवर बसलेल्या कुमुदताईंना पाहिलं, आणि ओठ मिटून नुसती थांबून राहिली.

"या!" कुमुदताई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. मग त्यांनी घाईने भर घातली, "सांभाळून या, पायरी आहे."

त्या रात्रीची बस रिकाम्या जागेनिशी अमरावतीला गेली.

आजही त्या बोळात विचारल्याशिवाय कुणी शिरत नाही, आणि विचारलेलं कुणाचं वाऱ्यावर जात नाही. करपेआजोबा हल्ली गोष्टीला शेवटी एक शेपूट जोडतात. विदर्भातली एक बाई एकटी फिरत आली होती म्हणे. दिवसभर शहर धुंडाळायची आणि संध्याकाळी पलीकडच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला या म्हणायची. शेवटी तिचा मुलगा काळजीने तिला न्यायला आला, तर त्यालाही बोळाच्या तोंडाशी उभं करून विचारायला लावलं. आईने आवाज ओळखला, पण या म्हणायला जरा वेळ लावला, असं सांगतात.